घर बांधायचंय? आधी जागेचा झोन बघा, मग जोतं घाला

आमच्या वाडीच्या कडेला एक जोतं आहे. बावीस बाय अठ्ठावीस फुटांचं. तीन पावसाळे झाले, त्यावर आता टाकळा उगवतो आणि दुपारी शेजाऱ्यांची बकरी येऊन बसते. माझ्या धाकट्या भावाच्या घराचं ते जोतं. घर त्यावर उभं राहिलंच नाही. एक लाख चाळीस हजार रुपये त्या दगडमातीत गेले. भावाच्या बायकोनं बचत गटातून उचललेले पैसेही त्यात होते.

चूक आमचीच होती. कंत्राटदार म्हणाला, "दादा, जागा तुमची, घर तुमचं, कोण विचारतंय? जोतं घालून घेऊ, छप्पर पडलं की घरपट्टी लावून देतो." आम्ही मान हलवली. बातम्यांसाठी रोज तहसील आणि ग्रामपंचायतीत फिरणारा माणूस मी, आणि स्वतःच्या घरात मात्र साधा झोन बघितला नाही. नोटीस आली तेव्हा कळलं, जागा हरित पट्ट्यात आहे.

भात झोडून झालं, दिवाळी उरकली की आपल्याकडं घराची कामं निघतात. म्हणून हा लेख. परवानगी काढणं लोक समजतात तेवढं अवघड नाही. छोट्या घरासाठी तर नियम बराच सोपा झालाय. अवघड आहे ते चुकीच्या जागेवर बांधून झाल्यावर ते निस्तरणं.

"एकमजली घराला कोण विचारतंय?"

हे वाक्य आपल्या तालुक्यात किती महाग पडलंय, ते आठवून बघा.

नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरात ४१ इमारती पाडल्या गेल्या. नोव्हेंबर २०२४ ला सुरू झालेली कारवाई फेब्रुवारी २०२५ पर्यंत चालली. जागा सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि इमारती गेल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. पैसे मोजून घर घेतलेली माणसं होती ती. लाइट बिल होतं, आधार कार्डावर तोच पत्ता होता. त्याचा उपयोग झाला नाही.

त्यानंतर २०२५ च्या गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री विरार पूर्वेला विजयनगरमधली रमाबाई अपार्टमेंट कोसळली. १७ माणसं गेली. ती इमारतही अनधिकृत होती. परवानगी घ्यायची म्हटली की नकाशा लागतो, इंजिनिअरची सही लागते, खांबात किती सळई घालायची त्याचा हिशोब लागतो. परवानगी टाळली की त्याबरोबर हेही सगळं टळतं.

तुम्ही म्हणाल, त्या बिल्डरच्या इमारती. आपण आपल्या जागेत दोन खोल्या बांधतोय. पण कायदा तोच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. कलम ४३ प्रमाणे परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही, कलम ४४ खाली अर्ज करायचा, आणि कलम ५३ खाली नोटीस येते. जागा स्वतःची आहे म्हणून यातून सुटका नाही. सात-बारावर नाव असणं म्हणजे मालकी. तिथं घर बांधता येतं का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सात-बारात नसतं. ते आराखड्याच्या नकाशात असतं.

झोन म्हणजे काय?

सरकार प्रत्येक भागाचा विकास आराखडा किंवा प्रादेशिक आराखडा करतं. त्यात रंग भरलेले असतात. कुठं राहायची घरं, कुठं शेती, कुठं रस्ता, कुठं शाळा, दवाखाना, स्मशान. आपल्या वसई-विरार भागाचा आराखडा सिडकोनं केला होता, २००१ ते २०२१ या काळासाठी. २००७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. पुढं ३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली आणि त्या हद्दीतलं नियोजन महापालिकेकडं आलं. बाकीच्या गावांना मुंबई महानगर प्रदेशाचा किंवा जिल्ह्याचा आराखडा लागतो.

आपल्याकडं जागा साधारण या प्रकारांत मोडते:

• गावठाण. जुनी वस्ती. इथं घर बांधणं सगळ्यात सोपं.

• रहिवास विभाग. घर चालतं. परवानगी घ्यायची, बांधायचं.

• हरित पट्टा किंवा शेती विभाग. इथं साधं राहतं घर चालत नाही. शेतकऱ्याला शेतघर बांधता येतं, पण त्याला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे ४० गुंठे जागा लागते. आपल्या वाड्या बघा. चार भावांत वाटण्या होऊन कुणाकडं आठ गुंठे, कुणाकडं बारा. आमचं जोतं अडकलं ते इथंच.

• आरक्षण आणि नियोजित रस्ता. जागेवर आज आंब्याचं झाड असेल, पण नकाशावर तिथून रस्ता जात असेल तर परवानगी मिळत नाही.

• सीआरझेड. अर्नाळा, रानगाव, पाचूबंदर, किल्लाबंदर अशा किनाऱ्यावरच्या आणि खाडीकाठच्या जागा. इथं सरसकट बंदी नाही. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेप्रमाणं, सीआरझेड दोन आणि तीनमध्ये ३०० चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामाचं स्वतःचं राहतं घर असेल, तर किनारा प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नाही, स्थानिक संस्थाच मंजुरी देऊ शकते. पण आधी सीआरझेडचे नियम तपासूनच.

• वन आणि अभयारण्य. तुंगारेश्वरच्या पायथ्याची गावं, पाडे. इथं वनखात्याची हद्द आणि अभयारण्याभोवतीचं संवेदनशील क्षेत्र दोन्ही बघावं लागतं.

हे झोन कशाला, असं मलाही वाटायचं. जुलै २०१८ चा पाऊस आठवा. लोकल बंद, लाइट नाही, मिठागरातली माणसं पाण्यात अडकली. आपल्या पश्चिम पट्ट्यात बावखलं होती, ती पावसाचं पाणी धरून ठेवायची आणि उन्हाळ्यात वाडीला गोडं पाणी द्यायची. खाजण होतं, ते भरतीचं पाणी पोटात घ्यायचं. भराव टाकून त्यावर खोल्या उभ्या राहिल्या. मग पाणी कुठं जाणार? ते तुमच्या-आमच्या ओट्यावर येतं. आपण आपल्या वाडीत भराव टाकतो तेव्हा शेजाऱ्याच्या घरात पाणी सोडतो, हेही लक्षात ठेवायला पाहिजे.

झोन कसा बघायचा?

सात-बारा काढा. डिजिटल सहीचा सात-बारा १५ रुपयांत मोबाईलवर निघतो. त्यावरचा सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, हिस्सा नंबर नीट उतरवून घ्या. तो घेऊन नगररचना विभागात दोन गोष्टींसाठी अर्ज करा: झोन दाखला आणि भाग नकाशा. झोन दाखल्यावर जागा कोणत्या विभागात आहे ते लिहिलेलं असतं. भाग नकाशावर रस्ता, आरक्षण दिसतं.

हे दोन कागद अगदी थोड्या खर्चात मिळतात. जोत्यावर लाख-दीड लाख घालण्याआधी तेवढे घाला. कुणी तोंडी सांगितलं "झोन क्लिअर आहे" तर त्याला म्हणा, दाखला दाखव.

आणखी एक. सात-बारावर "भोगवटादार वर्ग-२" लिहिलंय का ते बघा. असेल तर विकण्याआधी, वापर बदलण्याआधी सरकारी परवानगी लागते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणं बिगर आदिवासी माणसाला ती मंजुरीशिवाय घेता येत नाही. हायवेच्या बाजूला स्टँप पेपरवर विकल्या जाणाऱ्या चाळीतल्या खोल्या कित्येकदा अशाच जमिनीवर असतात. खोली स्वस्त का मिळतेय, ते इथं कळतं.

अर्ज कुठं करायचा?

आपल्याकडं सगळ्यात मोठा गोंधळ हाच. माणूस दोन महिने चुकीच्या दारात उभा राहतो.

• महापालिका हद्दीत असाल तर महापालिकेच्या नगररचना विभागात.

• ग्रामपंचायत हद्दीत आणि गावठाणात असाल तर ग्रामपंचायतीकडं.

• ग्रामपंचायत हद्दीत पण गावठाणाबाहेर असाल तर जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालय. काही गावांना वेगळं नियोजन प्राधिकरण नेमलेलं असतं. आपल्या गावाला कोणतं लागू आहे ते ग्रामपंचायतीकडून लेखी घ्या.

२९ गावं महापालिकेत ठेवायची की वगळायची, हा वाद आपल्याकडं वर्षानुवर्षं चालला, कोर्टात गेला. त्या काळात तिथल्या लोकांनी "महापालिका की ग्रामपंचायत" या घोळात परवानगी न घेताच घरं बांधली. त्यांचा राग मी समजू शकतो. पण वाद कुठलाही असो, परवानगीची अट कुठल्याही दिवशी संपली नव्हती.

ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पाटी बदलली, दप्तर तेच आहे. गोंधळू नका.

एनए लागतं का?

पूर्वी शेतजमिनीवर घर म्हटलं की आधी एनए, म्हणजे बिनशेती परवानगी, आणि त्यासाठी हेलपाटे. आता जागा आराखड्यात रहिवास विभागात असेल तर वेगळी एनए परवानगी काढायची गरज राहिलेली नाही. कायद्यात कलम ४२-ड आलं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जागा, आराखड्यात तो वापर चालत असेल तर, बिनशेती मानली जाते. सरकारी देणं भरायचं आणि कागद करून घ्यायचा.

इथं लोक फसतात. "दोनशे मीटरच्या आत आहे, झालं एनए," म्हणून बांधायला घेतात. एनए मानलं गेलं म्हणजे बांधकाम परवानगी मिळाली असं नाही. ते वेगळंच घ्यावं लागतं.

गुंठ्यांच्या व्यवहाराचंही तसंच. तुकडेबंदीतून एक-एक गुंठ्याच्या जुन्या व्यवहारांना सूट देण्याची घोषणा सरकारनं २०२५ मध्ये केली. गावात लगेच पेढे वाटले गेले. पण ती सूट खरेदी-विक्रीच्या नोंदीसाठी. घर बांधायला परवानगी लागतेच, आणि जागा हरित पट्ट्यात असेल तर ती गुंठा विकत घेतल्यानं रहिवासात जात नाही.

छोट्या घराला सोपा रस्ता

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली. कार्यालयात तिला युडीसीपीआर म्हणतात. मुंबई आणि थोडे भाग सोडले तर ती सगळीकडं लागू आहे, आपल्या महापालिकेलाही. त्यात लहान भूखंडवाल्यांसाठी सवलत आहे.

• भूखंड १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १६०० चौरस फूट: परवानगीची वाट बघायची नाही. मालकीचा कागद, मोजणी नकाशा, घराचा नकाशा आणि परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टचा "हे नियमात आहे" असा दाखला द्यायचा, शुल्क भरायचं, पोच घ्यायची. ती पोच हीच परवानगी.

• भूखंड १५० ते ३०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२०० चौरस फुटांपर्यंत: इंजिनिअरनं तपासलेला नकाशा दिला की १० दिवसांत परवानगी.

• त्याच्या वर: नेहमीची पद्धत.

ग्रामविकास विभागानं २०२१ मध्ये ग्रामीण भागालाही हीच सवलत दिली. ३२०० चौरस फुटांपर्यंत नगररचनाकाराकडं फाईल पाठवायची गरज नाही, ग्रामपंचायतीच्या पातळीवर काम होतं.

"परवानगी लागत नाही" एवढंच ऐकून लोक कामाला लागतात. नीट वाचा. कागद द्यावे लागतातच, फक्त थांबावं लागत नाही. आणि ही सवलत जिथं घर चालतं त्याच जागेला आहे. हरित पट्ट्यातल्या किंवा आरक्षणातल्या जागेला नाही.

दीड गुंठ्याचा सापळा

आपण गुंठ्यात बोलतो, कार्यालय चौरस मीटरमध्ये. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आता हिशोब करा. दीड गुंठा म्हणजे १५१.७६ चौरस मीटर. पावणेदोन मीटरनं तुम्ही १५० च्या वर गेलात! "दीड गुंठा, म्हणजे पोच घेतली की झालं," असं समजून जोतं घातलं तर ते परवानगीशिवायचं जोतं ठरतं. तीन गुंठ्यांचं तसंच: ३०३.५१ चौरस मीटर. १० दिवसांच्या रांगेतून बाहेर.

म्हणून अंदाज नको. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून घ्या आणि नकाशावर जो आकडा आलाय तोच अर्जात लिहा.

फाईलमध्ये काय काय?

१. चालू सात-बारा, किंवा गावठाणात असाल तर मिळकत पत्रिका अथवा सनद. ड्रोननं गावठाणांची मोजणी झाली, त्यातून या मिळकत पत्रिका मिळाल्यात. तुमची आली नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयात विचारा.

२. फेरफार. जागा तुमच्या नावावर कशी आली त्याचा माग.

३. मोजणी नकाशा, हद्दीसकट.

४. झोन दाखला, भाग नकाशा.

५. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती. यावर पुढं सांगतो.

६. रस्त्याचा पुरावा. वाडीत गाडीची वाट दुसऱ्याच्या कुंपणातून जात असेल तर फाईल इथं अडते. वाटेचा हक्क लेखी करून घ्या.

७. इंजिनिअरच्या सहीचा घराचा नकाशा. पुढं, मागं, बाजूला किती जागा मोकळी सोडायची ते त्याला नियमावलीतून काढायला सांगा. दोन-तीन जणांना दर विचारा, आणि तो परवानाधारक आहे का ते बघा.

८. विकास शुल्क भरल्याची पावती. हे रेडीरेकनरच्या दरावर निघतं. कामगार उपकर एक टक्का असतो, पण स्वतःच्या राहत्या घराचा खर्च कायद्यातल्या ठराविक मर्यादेच्या आत असेल तर तो लागत नाही. भरा म्हणाले तर एवढं विचारा.

अर्ज दिल्यावर तारखेची पोच घ्या. झोन दाखला, भाग नकाशा, बांधकाम परवाना, जोत्याचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र या सेवा लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली येतात. मुदत टळली तर अपील करता येतं. नेहमीच्या पद्धतीच्या फाईलवर ६० दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर कायदा परवानगी मिळाली असं मानतो, पण नकाशा नियमाप्रमाणं काटेकोर असेल तरच. त्या भरवशावर काम सुरू करण्याआधी लेखी स्मरणपत्र द्या.

माझी एक फाईल तीनदा परत आली होती. एकदा सही नाही म्हणून, एकदा नकाशा जुना म्हणून, एकदा कारणच नाही. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "साहेब, जे कमी आहे ते सगळं एकाच कागदावर लिहून द्या." लिहून दिलं, आणि चौथ्यांदा फाईल पुढं गेली. ही युक्ती लक्षात ठेवा. भांडायची गरज पडत नाही.

परवानगी मिळाली की वर्षभरात काम सुरू करा, नाहीतर मुदतवाढ घ्यावी लागते. जोत्यापर्यंत काम आलं की जोत्याचा दाखला घ्या. घर पूर्ण झालं की भोगवटा प्रमाणपत्र घ्या. आपल्याकडं नव्वद टक्के लोक वास्तुशांत करतात आणि हे शेवटचं काम सोडून देतात, असं माझं निरीक्षण आहे. पुढं कर्ज काढताना, घर मुलाच्या नावावर करताना तोच कागद मागतात.

घरपट्टी म्हणजे परवानगी नव्हे

हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं पाहिजे. घरपट्टी हा कर आहे. घर उभं आहे म्हणून तो लागतो. अनधिकृत घरालाही लागतो, वर शास्तीही लागते. पावती हातात आहे म्हणून घर अधिकृत होत नाही. लाइट मीटरचंही तेच, नळाचंही तेच.

खोट्या कागदांपासूनही सांभाळा. खोटे शिक्के मारून बनवलेल्या बांधकाम परवानग्यांची प्रकरणं आपल्या भागात पोलिसांत गेलेली आहेत. कुणी एजंट "परवानगी आणून देतो" म्हणत असेल तर त्यानं दिलेल्या कागदावरचा क्रमांक आणि तारीख घेऊन स्वतः कार्यालयात जा आणि नोंद आहे का बघा. बघू देत नसतील तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा.

घरकुल योजनेत असाल तर

ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजनेत १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं असावं लागतं. महापालिका हद्दीत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला, वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर, शहरी योजनेतून केंद्र आणि राज्याचे मिळून अडीच लाख मिळतात. घर ४५ चौरस मीटरच्या आत हवं.

हप्ता जागेच्या कागदावर अडतो. दरवर्षी असे अर्ज मी बघतो: नाव यादीत, पण जागा आजोबांच्या नावावर. ज्यांच्याकडं जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला एक लाखापर्यंत मदत मिळते. ग्रामपंचायतीत विचारा. गायरानावर किंवा वनजमिनीवर "बांधून तर ठेवू" असं करू नका.

भावाचं घर कुठं झालं?

शेवटी गावठाणात. आमच्या आजोबांचं पडकं घर होतं तिथं, एक भिंत आणि तुळशीचं कट्टं उरलेलं. मोजणीत जागा १७४ चौरस मीटर भरली. मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव. वारस नोंद घालायची तर वडील, काका आणि आत्या, तिघांची नावं लागणार होती.

आत्या सफाळ्याला दिलेली. तिला विचारायचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वाडीतल्या जोत्याची गोष्ट तिला दुसऱ्यांकडून कळली होती. मी आणि भाऊ गेलो, तर चहा दिला आणि म्हणाली, "हिस्सा नको रे मला. पण माझ्या बापाच्या जागेत घर बांधताय, एकदा विचारायचं तरी." भाऊ खाली मान घालून बसला.

कायद्यानं मुलीचाही मुलाइतकाच वाटा आहे. तिची सही नसती तर फाईल परत आली असती, आणि उद्या तिच्या मुलांनी हरकत घेतली असती तर घर कोर्टात गेलं असतं. आत्या निबंधक कार्यालयात आली आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र केलं. शंभराच्या स्टँपवर घरीच लिहून घेतलेलं यात चालत नाही. काकांनीही सही दिली.

मोजणीला आणि वारस नोंदीला दोन महिने गेले. त्यानंतर ग्रामपंचायतीत अर्ज दिला आणि बाराव्या दिवशी परवानगी हातात आली. बँकेनं त्याच मंजूर नकाशावर कर्ज दिलं. वाडीतल्या जोत्यासाठी तीच बँक आम्हाला दारातूनच परत पाठवत होती.

गेल्या वैशाखात वास्तुशांत झाली. आत्याला पहिल्या पंगतीला बसवलं.

जोतं घालण्याआधी एवढं बघा

• झोन दाखला आणि भाग नकाशा हातात आहे का?

• जागा कोणाच्या हद्दीत, अर्ज कुणाकडं, हे लेखी माहीत आहे का?

• मोजणी झाली का? चौरस मीटर किती?

• सगळ्या वारसांच्या, बहिणींच्या आणि आत्यांच्याही, सह्या आहेत का?

• रस्त्याचा कागद आहे का?

• पोच किंवा परवानगी, जी लागू असेल ती, फाईलमध्ये लावली का?

सहापैकी एकाचंही उत्तर "नाही" असेल तर कंत्राटदाराला थांबायला सांगा. तो दुसऱ्या कामाला जाईल, काही बिघडत नाही. आमचं वाडीतलं जोतं फोडायचंही आता जीवावर आलंय. ते तसंच ठेवलंय. गावात कुणी घर बांधायला निघालं की मी त्याला तिथं नेऊन दाखवतो.